'आपले मदतनीस' या विषयात मुलांना अडू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची पंचवीसेक मुलं आहेत आणि महिन्याचा विषय 'आपले मदतनीस' आहे. तक्ते दाखवून झाले, पोस्टमन, डॉक्टर, पोलीस अशी वेशभूषा झाली, गाणीही पाठ झाली. "पोस्टमन काय करतो?" म्हटलं की मुलं घडाघडा उत्तर देतात, पण डब्याचं झाकण घट्ट बसलं की लगेच "ताई, उघडून द्या". अडचण आली तर स्वतः मार्ग शोधायची सवय या विषयातून कशी लावायची?

विषय त्यासाठी अगदी योग्य आहे, पण तो तक्त्यावरून खाली उतरायला हवा. गावातला प्रत्येक मदतनीस रोज कुठली ना कुठली अडचण सोडवत असतो. टाकीतलं पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही. एकाच गल्लीत पाटलांची दोन घरं असतात. जेवायला सोळा मुलं बसलेली असतात आणि ताटल्या चौदाच येतात. तक्त्यावर त्या माणसाचा गणवेश दिसतो, त्याची अडचण दिसत नाही. ती अडचण लहान करून मुलांच्या हातात द्यायची, एवढंच आपल्याला करायचं आहे.

उपक्रम निवडताना मी एक कसोटी लावते: मुलाचं उत्तर चुकलं, तर ते चुकलं हे समोरची वस्तूच त्याला दाखवते का? पाणी सांडतं, ताटली कमी पडते, पत्र दाराशी जुळत नाही, तेव्हा मूल वस्तूकडे बघतं आणि पुन्हा हात घालतं. चूक की बरोबर हे ताईनेच सांगायचं असेल, तर मूल ताईच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. चित्राला रेघ ओढून जोड्या लावायच्या छापील कागदांनी मुलांची विचारशक्ती वाढत नाही, त्याचं मुख्य कारण हेच आहे.

सुरुवात ताटल्यांपासून

मुलांना सगळ्यांत जवळची मदतनीस म्हणजे तुमच्या अंगणवाडीतली मदतनीस ताई. तिचं रोजचं काम हाच पहिला उपक्रम. खर्च काही नाही आणि हा खेळ रोज खऱ्या कारणासाठी होतो.

सहा मुलं एका ओळीत बसवा. सातव्याला सांगा, "सगळ्यांसाठी ताटल्या घेऊन ये." ताटल्या दाराच्या पलीकडे, मुलांची ओळ दिसणार नाही अशा जागी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस हव्या तितक्या खेपा करू द्या. मग "दोनच खेपा" असा नियम घाला आणि काही दिवसांनी "एकच खेप". खेपांवर बंधन आलं की मुलाला निघण्याआधीच विचार करावा लागतो. त्याआधी त्याची गरजच नसते. ताटल्या रिकाम्याच न्यायच्या. गरम खिचडी मोठ्यांनीच वाढायची.

साडेतीन वर्षांचं मूल मावतील तेवढ्या ताटल्या कवेत घेऊन येतं. चार-साडेचारचं मूल "एक, दोन, तीन" म्हणतं, पण बोट आणि आकडा जुळत नाहीत, एका मुलावर दोन आकडे पडतात. पाच वर्षांचं नीट मोजतं आणि दार ओलांडेपर्यंत आकडा विसरतं. आणि जवळजवळ प्रत्येक मूल सुरुवातीला स्वतःला मोजायचं विसरतं: सगळ्यांना वाटून झाल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. ही चूक आधी सांगून टाळू नका. रिकाम्या हाताकडे बघून मूल स्वतःच जे शिकतं, ते दुसऱ्या दिवशीही त्याच्या लक्षात राहतं.

दाराजवळ एका वाटीत दहा-बारा मोठे खडे ठेवून द्या. ते कशासाठी आहेत हे सांगू नका. कुणीतरी प्रत्येक मुलासमोर एकेक खडा ठेवतं, मग ते खडे गोळा करून ताटल्यांपाशी नेतं आणि एका खड्याला एक ताटली काढतं. आठवडाभरात कुणालाच सुचलं नाही, तर मदतनीस ताईने न बोलता एकदा चमच्यांसाठी तसं करावं. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी ते उचलेल. पुढे अडचण वाढवा: दोन मुलं उशिरा येऊन बसतात, कुणाचं धाकटं भावंड ओळीत येतं, एक ताटली चिरलेली निघते.

पाणी शेवटच्या घरापर्यंत

सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा उपक्रम हाच, म्हणून तो सविस्तर सांगते.

साहित्य: दोन इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेल्या पन्हळी, दोन ६० सेंटीमीटरच्या आणि दोन ३० सेंटीमीटरच्या. नळजोडणी करणाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळतात. करवतीने तोच चिरून देईल. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. पाइप नसेल तर बांबू उभा फोडून पेरांतले पडदे काढून टाका, मात्र कुसं राहणार नाहीत याची हाताने खात्री करा. केळीच्या खांबाचं सोपटही दोन दिवस छान चालतं. याशिवाय दहा-बारा विटा, मातीचा गोळा, एक बादली, २०० मिलीलिटरचा पेला, एक उथळ टोपलं आणि दोन लिंबं. पुठ्ठ्याचं एक घर करून टोपल्यामागे उभं करा.

मांडणी करून देऊ नका. एका टोकाला बादली (हीच आपली टाकी), तिथून सव्वा मीटरवर घर आणि टोपलं, मध्ये साहित्याचा ढीग. अडचण एका वाक्यात सांगा: "या घरातल्या आजीला पाणी मिळत नाही. पेला घेऊन चालत जायचं नाही. पाणी कसं पोचवायचं?"

पहिल्या दिवशी पाणी नको, लिंबू द्या. लिंबू कुठे थांबलं ते स्पष्ट दिसतं; पाणी मात्र एकदम चार ठिकाणी सांडतं आणि मुलांना नेमकं कुठे बिघडलं ते कळत नाही. लिंबाने दोन गोष्टी कळतात. पन्हळ सपाट असेल तर लिंबू मध्येच थांबतं. आणि सांध्यावर पुढच्या पन्हळीची कड मागच्या पन्हळीच्या वर आली असेल, तर लिंबू तिथे अडकतं. वरच्या पन्हळीचं तोंड खालच्या पन्हळीच्या आत चार-पाच सेंटीमीटर आलं पाहिजे, घराची कौलं एकमेकांवर चढवतात तसं. हे मुलांना सांगायचं नाही, लिंबू अडकलं की "कुठे अडकलं? तिथे हात लावून बघ" एवढंच म्हणायचं.

लिंबू दोनदा सलग घरापर्यंत गेलं की पाणी द्या. आता नवी अडचण येते: लिंबू सांध्यावरून उडी मारून जायचं, पाणी फटीतून गळतं. मुलं माती थापतात, पन्हळ आणखी आत सरकवतात, फडकं गुंडाळतात. करू द्या. फडक्यातून पाणी झिरपतं हेही त्यांनाच दिसू द्या.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एक, मोठा तांब्या दिला तर पाणी एकदम ओतलं जातं, पन्हळीच्या कडेवरून सांडतं आणि मूल समजतं की पन्हळच वाईट आहे. म्हणून पेला लहान हवा. दोन, पन्हळ विटेवर गोल फिरते. दोन विटांमध्ये बोटभर फट ठेवून पन्हळ त्या खाचेत बसवायची किंवा खाली मातीचा गोळा द्यायचा. विटांशी झटापट करून मुलं कंटाळायला लागली, तर ही एक गोष्ट तुम्ही दाखवली तरी हरकत नाही, कारण शिकायचा मुद्दा उतार आणि सांधा आहे. तीन, विटांची उंची. आडव्या विटेची जाडी साधारण तीन इंच. टाकीच्या टोकाला तीन विटा, मध्ये दोन, पुढे एक असा उतार पुष्कळ होतो. मुलं मात्र आधी टाकीकडेही एकच वीट आणि घराकडेही एकच वीट ठेवतात, कारण त्यांच्या मनात 'जोडलं की पोचतं' असं असतं. तो समज मोडायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस दिले पाहिजेत. रोज वीस मिनिटं पुरेत. अर्धवट मांडणी तशीच ठेवता आली तर उत्तम, नाहीतर खडूने जमिनीवर विटांच्या जागा आखून ठेवा.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तिथे हात धुतलेलं पाणी साठवून वापरा आणि टोपल्यातलं झाडांना घाला. कोरड्या वाळूवर मात्र भागवू नका. वाळू एवढ्या उतारावरून वाहत नाही, साचून राहते. मुलांची मांडणी बरोबर असूनही ती चुकल्यासारखी दिसते. त्यापेक्षा लिंबावरच थांबा. टोपल्यात दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी साठू देऊ नका, मुलांना पाण्यापाशी एकटं सोडू नका आणि खेळ संपला की टोपलं पालथं घाला.

आता भेटीबद्दल. बहुतेक ठिकाणी आधी क्षेत्रभेट होते आणि मग खेळ. मी क्रम उलटा ठेवायला सांगेन. मुलं उतारावर दोन दिवस अडली, की मग गावच्या पाण्याच्या टाकीपाशी न्या किंवा ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या काकांना बोलवा. आधी नेलं तर मुलं टाकी किती मोठी आहे एवढंच बघतात. अडल्यावर नेलं तर "टाकी एवढी उंच का बांधली?" हा प्रश्न मुलांच्याच तोंडून येतो. काकांना आधी भेटून दोन गोष्टी सांगा: भाषण करू नका, चावी फिरवून दाखवा, आणि पाइप फुटला तर तुम्ही काय करता ते सांगा. त्यांनी "आधी पाणी बंद करतो, मग खणतो, मग सांधा बदलतो" असं सांगितलं की अडचण टप्प्याटप्प्याने कशी सुटते ते मुलांनी प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेलं असतं.

परत आल्यावर दुसरं घर मांडा. एका टाकीतून दोन घरांना पाणी कसं द्यायचं? पाच-साडेपाचच्या मुलांसाठी हे खरं आव्हान आहे. काही मुलं पन्हळ आळीपाळीने फिरवतात, काही मध्ये भांडं ठेवून तिथून दोन फाटे काढतात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपल्या गावातही पाणी आळीपाळीनेच सुटतं, हे एखादं मूल लगेच सांगेल.

पत्र कुणाचं?

टपालाचा उपक्रम सोपा आहे, पण वेशभूषेवरच थांबतो म्हणून वाया जातो. सहा घरं करा: पुठ्ठ्याचे खोके, रंगीत दारं. बारा पाकिटं करा. पाकिटावर पत्ता म्हणून दाराचा रंग. चार वर्षांच्या मुलांना एवढं पुरतं. पुढच्या आठवड्यात दोन घरांची दारं लाल करा, एकापुढे तुळशी वृंदावन आणि दुसऱ्यापुढे विहीर. पाकिटावर दोन्ही खुणा लागतात. एक पाकीट मुद्दाम अपुरं ठेवा, नुसतं लाल दार. मुलं काय करतात ते बघा: कुणी अंदाजाने टाकतं, कुणी दोन्ही घरी जाऊन विचारतं, कुणी बाजूला ठेवतं. यावर गोलात बसून बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

पडताळा मुलाच्या हाती राहावा म्हणून प्रत्येक पाकिटात एका चित्राचा अर्धा तुकडा घाला आणि दुसरा अर्धा त्या घरात चिकटवा. पत्र चुकीच्या घरी गेलं तर चित्र जुळत नाही. ताईने काही बोलायची गरज राहत नाही. तुकडे वेगवेगळ्या नागमोडी रेषांत कापा. सगळे सरळ कापले तर कुठलाही तुकडा कुठेही जुळल्यासारखा वाटतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना यापुढचा टप्पा द्या: घरं अंगणात लांब लांब ठेवा आणि "एकाच फेरीत सगळी पत्रं वाटायची, मागे फिरायचं नाही" असं सांगा. मग निघण्याआधी पाकिटं घरांच्या क्रमाने लावावी लागतात, आणि गावचा पोस्टमनही वाटपाला निघण्याआधी तेच करतो. तो आला तर पिशवीतली पत्रं लावून दाखवायला सांगा. तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी: एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे होणारा घोटाळा सोडवायला पिनकोड आला. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि सहा आकड्यांची ती पद्धत टपाल खात्यातले आपले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात. लहान मुलांना हे शिकवायचं नाही. पण लाल दारापुढे तुळस काढणारं मूल वेलणकरांनी केलं तेच करत असतं, हे ताईला माहीत असलं की ती घाई करत नाही.

बाजाराचा खेळ बहुतेक सगळेच घेतात, त्यामुळे एकच सूचना: खरी किंवा खोटी नाणी देऊन पाच, दहा, वीसचे हिशेब करू नका. एका मोठ्या नाण्याची किंमत पाच लहान नाण्यांएवढी असते, ही कल्पना या वयात बहुतेकांच्या पलीकडची असते आणि मूल नुसतं पाठ करतं. त्यापेक्षा तराजू द्या. कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारख्या करवंट्या बांधा आणि मुलाच्या छातीच्या उंचीवर टांगा. रिकामा असताना तो समतोल नसेल तर हलक्या बाजूला माती चिकटवून घ्या. "एका बटाट्याएवढे कांदे दे" ही अडचण त्यावर मुलं स्वतःच सोडवतात. तीन वर्षांखालची भावंडं आसपास असतील तर चिंचोके, मणी, गोट्या बाहेर काढू नका. नाकात आणि घशात जातात.

मदत कधी आणि किती

उपक्रम चांगला असूनही फसतो तो ताईच्या घाईमुळे. मूल अडलं की मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक वेळा सातच्या आसपास मूल काहीतरी करायला लागतं. तरीही अडलेलंच असेल तर विचारा, "काय झालं?", मग "कुठे थांबलं?", मग "आणखी काय करून बघू या?" एवढ्यानेही हललं नाही तर पर्याय कमी करा: चार पन्हळींपैकी दोन उचलून बाजूला ठेवा. त्यानंतर अर्धं करून दाखवा. पूर्ण करून देणं अगदी शेवटी. "विचार कर ना!" असं म्हणून मात्र काहीच होत नाही, कशाचा विचार करायचा ते मुलाला कळत नाही.

वयानुसार मदत वेगळी लागते. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांना एकमेकांत बसणाऱ्या २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला होता आणि शिकवणारी व्यक्ती नेमकी काय मदत करते ते बघितलं. तीन वर्षांच्यांना कामाकडे ओढून आणावं लागे, चार वर्षांच्यांना कुठे चुकतंय ते बोलून सांगितलं की पुरे, आणि पाच वर्षांची मुलं मुख्यतः "बरोबर झालं ना?" हे पडताळायला येत. अंगणवाडीत तिन्ही वयं एकत्र असतात, म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: लहानग्याजवळ बसून स्वतः लिंबू सोडायला लागा, मधल्याला प्रश्न विचारा, मोठ्याला नुसती मान डोलवा.

एका वेळी पाच-सहा मुलांचाच गट घ्या. बाकीची मदतनीस ताईबरोबर चित्रं, माती किंवा गाण्यांत असू द्या. पंचवीस मुलांभोवती एकच पन्हळ म्हणजे दोन धीट मुलं खेळतात आणि बाकीची रांगेत ढकलाढकली करतात. गटात वेगवेगळ्या वयाची मुलं चालतात, पण दोन फार बोलकी मुलं एका गटात नकोत.

मुलांना आपसात घरच्या बोलीत बोलू द्या. वारली, कोरकू, पावरी, माडिया बोलणारं मूल प्रमाण मराठीत शब्द शोधत बसलं तर त्याचा विचार तिथेच तुटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात जाऊन शिकवलं, आणि तिथेच मिळणाऱ्या वस्तूंचं साहित्य केलं. बांबू, करवंटी, खडे वापरणं हा नाइलाज नव्हे. मुलाच्या हाताला त्या वस्तू ओळखीच्या असतात, म्हणून ते लवकर प्रयोग करायला लागतं.

एका बाबतीत फार जपायला हवं. 'मदतनीस' म्हणताना कामाला जात आणि लिंग चिकटू देऊ नका. झाडू, पाकिटांची पिशवी, डॉक्टरांची नळी, तराजू हे सगळं प्रत्येक मुलाच्या हातात पाळीपाळीने आलं पाहिजे. ज्याची आई गावात सफाईचं काम करते, त्यालाच झाडू देऊ नका, आणि त्याच्या आईला पाहुणी म्हणून बोलवायला विसरूही नका: ओला आणि सुका कचरा वेगळा का करायचा हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. बारा बलुतेदारांची जुनी यादी या वयाला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रगती ओळखायची तर मूल जिंकलं का ते बघू नका. त्याचा दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा वेगळा होता का ते बघा. तीच सपाट पन्हळ चार वेळा ठेवणारं मूल अजून पहिल्या पायरीवर आहे. एक वीट इकडची तिकडे करणारं पुढे गेलं आहे, पाणी पोचलं नसलं तरी. वहीत मुलामागे एकच ओळ लिहा: कुठे अडलं, काय केलं, कुणाला विचारलं. "छान खेळला" अशा नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

पालक "वही कोरी का?" असं विचारतील. त्यासाठी पाच वर्षांच्या मुलांना मांडणी करण्याआधी "कसं करणार ते काढून दाखव" असं सांगून एक चित्र घ्या आणि पाणी पोचल्यावर दुसरं. दोन्हींवर तारीख घालून शेजारी शेजारी लावा. पहिल्या चित्रात पन्हळ सरळ आडवी असते, दुसऱ्यात ती उतरती होते आणि सांध्यापाशी मूल आपणहून माती काढतं. पालकसभेत हीच दोन चित्रं दाखवा, आणि शक्य असेल तर पन्हळी मांडून पालकांनाच एकदा पाणी पोचवायला सांगा.